रिकाम्या गाडीचं वजन

शलाकाने पुस्तक उलटं ठेवलं कूलरवर
आणि म्हणाली, आई, हे तुझ्याच कामाचं आहे.
नात्यात काय मिळालं एवढंच माणूस मोजत नाही,
काय मिळायला हवं होतं, त्याला लावून बघतो.
मग खिडकीबाहेर बघतो,
दुसरीकडे काय मिळालं असतं.
समाधान वेगळं, थांबणं वेगळं.
एवढं बोलून ती भेंडी चिरायला बसली.
रविवारी दिघोरीचे लोक
होकार मागायला येणार होते.

मी कळमन्याच्या धरमकाट्यावर बसते.
सोळा वर्षं झाली.
भरलेली गाडी आधी, रिकामी नंतर,
मधला फरक म्हणजे माल.
पहिल्या दिवशी नंदनवार शेठनी एकच गोष्ट शिकवली:
गाडी चढायच्या आधी आकडा बघ.
शून्य नसतं, बाई, शून्य करावं लागतं.
चाकांचा चिखल राहतो काट्यावर,
कधी झोपलेलं कुत्रं.

माझं शून्य आईने केलं होतं.
पेत नाही ना, मारत नाही ना,
मंग अजून काय पायजे तुले?
त्यावर मी चौदा वर्षं नफ्यात होते.
मग शेजारच्या मालूने पचमढीचे फोटो दाखवले,
नवऱ्याच्या खांद्यावर हात, डोक्यावर त्याचीच टोपी.
घरी आले तर तोच माणूस, तेच वरण,
आणि सगळं पावशेर कमी.

रस्त्यापलीकडे दुसरा काटा आहे.
आमचा पटला नाही की गाड्या तिकडे जातात.
तिकडे भिलाईच्या गाड्यांचा हिशेब बघायला
एक जण यायचा. नाव सांगत नाही.
चहा घेता का, याच्यापुढे काही गेलं नाही.
पण त्या वर्षी
मी रोज साडीला इस्त्री केली.

आणि जे घातलं ते?
चार बांगड्या, ऑटोच्या हप्त्यात.
दोन बाळंतपणं, त्यातली तू.
हे आहे का गं तुझ्या पुस्तकात?
आहे, ती म्हणाली, पुढच्या धड्यात.
परत न मिळणारं जितकं जास्त
तितका पाय निघत नाही.
भेंडीचा चिकटा तिने पदराला पुसला,
माझ्या.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही.
बांगड्यांवरून आम्ही अकरा महिने बोलत नव्हतो.
मिरचीचा हंगाम, जानेवारीतली रात्रपाळी,
खोकून खोकून हमाल शेकोटीपाशी बसलेले.
शेषराव डबा घेऊन आले.
फिरून यायचा कंटाळा, म्हणून सरळ काट्यावरून.
माझ्या खिडकीत आकडा उमटला: सत्तर.
डबा ठेवला. बोलले नाहीत.
परत गेले, तसेच काट्यावरून.
सत्तर.

हा काटा दहाच्या पटीत बोलतो.
त्याच्या खालचं त्याला कळत नाही.
डब्यात जवसाची चटणी, मिठाची विसरलेली,
आणि एका बाजूने करपलेल्या पोळ्या.
मी चिठ्ठी काढली होती, उगाच.
भरलेली: सत्तर. रिकामी: सत्तर. माल: शून्य.
पर्समध्ये होती बरेच दिवस,
शाई उडाली.

याचा अर्थ मी माफ केलं, असं नाही.
बांगड्यांचं अजून निघतं, दर दिवाळीला,
आणि ते ऑटो धुवायला बाहेर जातात,
धुतलेला असला तरी.

मग मी रविवारी काय सांगू? शलाका विचारते.
मले काय विचारतं, मी म्हणते,
तुह्या काट्यावर कोणतं कुत्रं झोपलंय, ते बघ आधी.
ती हसते. मग हसत नाही.

बाहेरून बादलीचा आवाज येतो.
शेषराव कूलरमध्ये पाणी भरायला येतात,
वरचं पुस्तक उचलतात, बनियनला पुसतात,
आणि ती कुठल्या पानावर होती
ते न बघता
मिटून ठेवतात.